दिवसा तारे मोजणारे जेवळीकर सर

मुरूमच्या हायस्कुलात मी ड्रॉइंग मास्तर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच महिन्यात जेवळीकर सरांनी माझी सरस्वती उलटी टांगली.

स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं. हेडमास्तरांनी व्यासपीठावर लावायला मोठं चित्र मागितलं होतं, आणि मी, तामलवाडीच्या शेतकऱ्याचा पोरगा, सोलापूरहून नुकतीच ड्रॉइंगची परीक्षा पास होऊन आलेला, आठ दिवस मोठ्या ऐटीत ते रंगवत होतो. चित्र पुरं झालं तेव्हा सगळे मास्तर बघायला आले. वाहवा झाली. शेवटी जेवळीकर सर पुढं झाले. त्यांनी चष्मा पुसला, चित्र हळूच खिळ्यावरून काढलं, देवीचे पाय वर आणि मुकुट खाली करून परत टांगलं आणि दोन पावलं मागं सरकून बघत उभे राहिले.

"अहो जेवळीकर, देवी आहे ती," हेडमास्तर म्हणाले.

"व्हय, देवीच आहे. पण तिचा डावा डोळा गव्हाएवढा खाली आलाय. सुलट्यात कळत न्हाय. आपली नजर सुलट्यात लाड करती. उलटं केलं की लाड बंद."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळे गेल्यावर मी दाराला कडी घातली, चित्र पुन्हा उलटं केलं आणि पट्टी लावली. डोळा गव्हाच्या दाण्याएवढा खाली होता. या माणसाचं तोंड बघायचं नाही असं ठरवलेला मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांच्याशेजारी जाऊन बसलो, आणि पुढची पाच-सहा वर्षं तिथंच बसत राहिलो.

अंबादासराव जेवळीकर आमच्याकडं गणित आणि विज्ञान शिकवायचे. ठेंगणे, सडसडीत. हैदराबादेत शिवलेली करड्या रंगाची एक शेरवानी ते बारा महिने घालत. तिच्या वरच्या खिशात कायम दोन पेन्सिली, सुईसारखी टोकं काढलेल्या. कुणी महत्त्वाचं बोलू लागलं की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा आणि उजव्यानं ते समोरच्याकडं टक लावून बघायचे. नव्यानं आलेल्या शिवणाच्या बाईंनी यावरून हेडमास्तरांकडं तक्रार नेली होती. हेडमास्तरांनी सरांना बोलावलं, तक्रार सांगितली, आणि तक्रार लक्ष देऊन ऐकताना सरांनी त्यांच्याकडंही बघून डोळा मिटला. मग हेडमास्तरच हसायला लागले.

हा डोळा त्यांना नोकरीनं दिला होता. सर मूळचे जेवळीचे. निजामाच्या राज्यात हैदराबादेला शिकायला गेले आणि तिथल्या वेधशाळेत चिकटले. वेधशाळा म्हटलं की लोकांना वाटतं, माणूस रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल. सरांनी मोठ्या दुर्बिणीतून आभाळ पाहिलं ते चार-दोन वेळाच. रात्री दुसरी माणसं काचेच्या पट्ट्यांवर आभाळाचे फोटो घेत. दिवसा त्या काचा सरांच्या टेबलावर येत. एकेका काचेवर मोहरी सांडल्यासारखे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तारा. सरांनी सूक्ष्मदर्शकाला उजवा डोळा लावायचा, ठिपका आडवा कुठं, उभा कुठं हे मोजून मोठ्यानं सांगायचं आणि शेजारच्या कारकुनानं लिहून घ्यायचं. अशी त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली.

काच एकदा सुलटी मोजायची, मग पुरी फिरवून उलटी मोजायची, असा तिथला नियम होता. प्रत्येक माणसाची नजर ठिपक्याला किंचित एका बाजूला ढकलते. काच फिरवली की ती तेवढंच दुसऱ्या बाजूला ढकलते. दोन्हींचा मध्य काढला की ढकललेलं निघून जातं. वेधशाळा सुटली तरी सरांचा हा नियम काही सुटला नाही. उत्तरपत्रिकेचा गठ्ठा ते एकदा पहिल्या नंबरापासून तपासत आणि एकदा शेवटच्यापासून. लोहाऱ्याकडच्या दोघा भावांचा बांधावरून तंटा होता. कुणीतरी त्यांना सरांकडं पाठवलं. सर रविवारी गेले, थोरल्याच्या बाजूनं साखळी टाकत धाकट्याकडं आले आणि पुन्हा धाकट्याच्या बाजूनं थोरल्याकडं. मध्ये हातभर फरक आला. सरांनी त्याच्या बरोबर मध्यावर दगड रोवला. दोघा भावांना वाटलं, सर आपल्याच बाजूनं मोजायला आले होते. दोघांनीही जेवायला बोलावलं आणि सर दोघांकडंही जेवले.

त्यांच्या वेळी हैदराबादेत गणित उर्दूत शिकवत. त्यामुळं बोलणं मराठी, पण आकडेमोड उर्दू. फळ्याकडं तोंड केलं की सर "सिफर अशारिया चार सात" असं पुटपुटायचे आणि पोरांकडं वळून "शून्य पूर्णांक सत्तेचाळीस शतांश" म्हणायचे. पोरं म्हणायची, सर आधी देवाला विचारून घेतात, मग आम्हाला सांगतात. त्यांच्या तासाला गणितं अवघड असायची. "जेवळीकर सर दिवसा तारे दाखवतात" असं शाळेत सर्रास बोललं जायचं. सरांना ते ठाऊक होतं आणि मनापासून आवडायचं.

एकट्या वस्तूची जागा सांगता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. शेजारी कोण ते सांगितलं पाहिजे. घरात सरांच्या पत्नी राधाकाकूंनी गुळाचा डबा डाळीच्या शेजारून उचलून मिठाच्या शेजारी ठेवला की सरांना तो समोर असून दिसायचा नाही. "मी डबा हलवला की ह्यांचं आभाळ कोसळतं," काकू म्हणायच्या. "आता ठिवते तिथंच, मरूस्तोवर."

"मरूस्तोवर नको. उन्हाळ्यात मुंग्या येतील, तवर ठेव," सर म्हणायचे.

तारे मोजणारा माणूस म्हटल्यावर लोक पत्रिका घेऊन येणारच. लोहाऱ्याचे एक गृहस्थ मुलीची कुंडली घेऊन आले होते, तेव्हा मी तिथंच बसलेलो. सरांनी ती आदरानं हातात घेतली, एक डोळा मिटून वाचली आणि परत दिली. "तारा कुठं आहे तेवढं मी सांगतो. तो काय करतो ते मला कळत न्हाय. मुलगा बघून आलाव का तुम्ही?"

"आलो की. चांगला वाटला."

"परत एकदा जाऊन या. आता न सांगता जा." ते गृहस्थ खरोखरच गेले, आणि लग्न मोडून आले. पुढं वर्षभर लोहाऱ्यात सरांचा ज्योतिषी म्हणून फार मोठा लौकिक होता.

विलीनीकरण झालं, मग प्रांत वाटले गेले. उस्मानाबाद एका बाजूला गेलं आणि हैदराबाद दुसऱ्या. म्हातारी आई जेवळीत एकटी, म्हणून सर वेधशाळा सोडून गावाकडच्या शाळेत आले. निघताना वेधशाळेच्या साहेबांनी त्यांना दोन वस्तू दिल्या. एक म्हणजे कोपऱ्यात तडा गेलेली काच, जिच्यावर केसासारख्या बारीक रेघांची चौकडी कोरलेली होती. ती काच ठिपक्यांवर ठेवूनच मोजमाप चालायचं. दुसरी वस्तू म्हणजे छापील जाडजूड पुस्तक. त्यात नुसते आकडे होते, पानंच्या पानं. ते सगळे सरांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी मोजलेले तारे. मी पुस्तक चाळलं. मोजणाऱ्यांची नावं कुठं दिसली नाहीत.

"तुमचं नाव न्हाय ह्यात," मी म्हणालो.

"माझं कशाला? जागा ताऱ्याची आहे," सर म्हणाले. पण पुस्तक परत घेताना त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला. ते मला दिसलं.

साठच्या दशकातलं हे सगळं. इंग्रजी वर्तमानपत्र मुरूमला एक दिवस शिळं होऊन यायचं, आणि हैदराबादचे ते जुने साहेब अधूनमधून विज्ञानाचे अंक पाठवायचे. एकदा सर तसला अंक घेऊन मास्तरांच्या खोलीत आले ते जवळजवळ पळतच.

"मास्तर, आभाळात नवं काहीतरी सापडलंय. ताऱ्यासारखं दिसतं आणि तारा न्हाय."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं. परदेशात रेडिओच्या प्रचंड थाळ्या उभ्या केल्या आहेत. आभाळात कुठल्या कुठल्या जागेहून रेडिओच्या लहरी येतात, त्याच्या याद्या त्यांनी केल्या. मग त्या त्या जागेचा फोटो काढून बघितला, तर काही ठिकाणी साधा, निळसर ठिपका. कुणीही तारा म्हणून सोडून दिला असता. पण त्याचा उजेड लोलकानं रंगांत फोडून पाहिला तेव्हा कळलं, की हा आपल्या ताऱ्यांतला नव्हेच. तो इतका लांब आहे की त्याच्यापुढं नेहमीचे तारे म्हणजे अंगणातले. त्याला क्वासार असं नाव दिलं आहे.

"मग ते रेडिओवाले शोधतीलच की सगळे," मराठीचे मास्तर म्हणाले.

"तिथंच तर मजा आहे," सर म्हणाले. "कान हुशार, पण कानाला घर सापडत न्हाय. आपल्या बाजारात सनई वाजली तर कुठल्या गल्लीत लग्न आहे ते कळतं, कुणाच्या दारात ते कळत न्हाय. दारात जायला डोळा लागतो. आता त्या लोकांना मोजणारे लागणार बघा." त्यांचा चेहरा असा फुलला होता, की जणू मोजणाऱ्यांना बोलवायला टपालवाला बाहेरच उभा असावा.

टपालवाला यायला वर्ष लागलं. पत्र मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून आलं होतं. लिहिणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाचं नाव वेंकटराव, मूळचा हैदराबादचा. रेडिओच्या यादीतली एक जागा त्यानं पुष्कळ बारीक करत आणली होती. पण फोटोत त्या जागेशी दोन ठिपके होते, एकमेकाला खेटून. एक चांगला ठसठशीत आणि दुसरा जेमतेम दिसणारा. दोघांतला कोणता? परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवर त्याला एकाच रात्रीतले काही तास मिळणार होते. तेवढ्यात एकाचाच उजेड फोडून होईल. चुकीचा निवडला तर त्याची पाळी पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. त्याच्या संस्थेत सगळे रेडिओवाले, फोटोवरचे ठिपके मोजलेला माणूस एकही नव्हता. हैदराबादच्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं, की सगळ्यांत खरा डोळा मुरूमला पोरांना गणित शिकवतो आहे. सोबत फोटोची मोठी प्रत होती. शेवटी लिहिलं होतं, की मला मोठाच वाटतो, पण खात्री करून हवी.

सरांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. मग चष्मा काढून पुसत बसले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. डावा पुरता धुरकटला होता आणि आता उजव्याची सुरुवात होती. हे काकूंना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि शाळेत आणखी कुणाला ठाऊक नव्हतं.

"एवढं एक मोजू द्या मला," ते म्हणाले. "बरोबर आलं तर माझा डोळा खरा होता म्हणायचं. चुकलं तर त्या पुस्तकातले पण सगळे आकडे मला संशयाचे होतील, मास्तर. मग कुठल्या तोंडानं ते उघडू?"

मी आकडे लिहून घ्यायला बसायचं ठरलं. रविवारी सकाळी दहा ते बारा, विज्ञानाच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी. वेळ बदलायची नाही, कारण उन्हानं कागद वाढतो आणि सकाळचा कागद दुपारी तोच राहत नाही. शाळेचा सूक्ष्मदर्शक, त्याखाली फोटो, फोटोवर ती तडकलेली चौकडीची काच. आधी आजूबाजूचे ओळखीचे तारे मोजायचे. त्यांच्या जागा पुस्तकात होत्या, म्हणजे तरुणपणी सरांनीच मोजलेल्या. एकेक सापडला की सर खुशीत म्हणायचे, "हा बघा. कसा आहेस बाबा?" मग उर्दू सुरू. "बाईस अशारिया तीन छे." दोन रविवारांत मी उर्दू आकड्यांत इतका तरबेज झालो, की घरी बायकोला दूध "आधा सेर" घ्यायला सांगू लागलो.

तो बारका ठिपका मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी धूळ समजून त्याच्यावर फुंकर मारली. सर ओरडले नाहीत, फक्त हसले. "त्याला फुंकरीनं काय व्हायचंय? लई लांबून आलाय तो."

तिसऱ्या रविवारी फोटो फिरवून उलटी मोजणी झाली. मध्य काढला. मग सरांनी पेन्सिल खाली ठेवली. रेडिओची जागा मोठ्यावर बसत नव्हती. ती त्या बारक्यावर बसत होती.

"वेंकटरावांना मोठा वाटतोय," मी म्हणालो.

"वाटू दे. आपल्याला वाटायचं काही कामच न्हाय."

आता दुर्बिणीपाशी बसणाऱ्याला कळावं म्हणून त्या जागेचा नकाशा काढून द्यायचा होता. आजूबाजूचे तारे, मधे ती जोडी आणि बारक्याकडं बाण. वेंकटराव शुक्रवारी विमानानं निघणार होता. सरांनी नकाशा माझ्यावर सोपवला. म्हणाले, तुमचा हात हलत नाही. मी रात्रीचं जेवण विसरून तो काढला. काळ्या शाईत, पांढऱ्याशुभ्र कागदावर, आणि खरं सांगतो, फार देखणा झाला. मागं ठेवायला एक प्रतही काढली. सोमवारी सकाळच्या गाडीच्या टपालात मीच पाकीट टाकलं.

मंगळवारी मधल्या सुट्टीत सरांनी ती प्रत मागून घेतली. सवयीप्रमाणं उलटी केली. डावा डोळा मिटला. मग पेन्सिलीचं टोक एका ठिपक्यापाशी नेलं.

"मास्तर, बारका हिकडं कसा आला?"

कारण मला ठाऊक होतं. ते दोन ठिपके इतके चिकटून होते की कागदावर नुसता डाग दिसत होता. बारका उठून दिसावा म्हणून मी त्याला जरा बाजूला घेतला होता. मग तो मोकळ्या जागेत एकटा पडला, म्हणून पलीकडचा एक तारा थोडा आत ओढला होता. आमच्या धंद्यात याला मांडणी म्हणतात. सोलापूरला याचेच मार्क मिळाले होते. मी सगळं सांगून टाकलं.

सर माझ्याकडं बघत राहिले. "तुम्ही चित्र काढलंत," ते शांतपणे म्हणाले. "मला पत्ता पाहिजे होता."

पत्रात आकडे बरोबर गेले होते. पण ऐन वेळी दुर्बिणीपाशी आकडे कोण बघत बसणार? नकाशाच बघणार. बाणाच्या टोकाशी काही दिसलं नाही की शेजारच्या मोठ्या ताऱ्यालाच धरणार, आणि वेंकटरावाला तर तोच आधीपासून हवा होता. माझ्या एका ठिपक्यापायी त्याची रात्र जाणार होती आणि सरांचा डोळा खोटा पडणार होता. मला रडू यायचं बाकी होतं.

"रागवा तरी मला," मी म्हणालो.

"रागावल्यानं ठिपका सरकंल का?" सरांनी शेरवानीची बटणं लावली. "मी उमरग्याला जाऊन तार करतो. नववीचा तास तुम्ही घ्या. आणि माझे आकडे घेऊन नवा नकाशा करायला बसा. शाई नको. चौकडीच्या कागदावर सुईनं टोचा. सुईला मांडणी येत न्हाय."

चांगलंच ऊन होतं. ते एसटीनं गेले आणि संध्याकाळी धुळीनं माखून परत आले. रुमालात काकूंसाठी बोरं होती. तारेत काय लिहिलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "बाण चुकलाय, नवा नकाशा येतोय, बारकाच धरा. दुसरं काय लिहिणार?" सुईनं टोचलेला नकाशा त्यांनी प्रतीसकट दोनदा उलटासुलटा तपासला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

त्यानंतर काही महिने काही नाही. सर त्याबद्दल बोलत नसत. फक्त टपालवाला फाटकातून आत आला की फळ्यावर लिहिता लिहिता त्यांचा हात थांबायचा. पुढं त्यांना आकडे वाचवेनात, तेव्हा सोलापूरला नेऊन उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागलं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते घरी आले. डाव्यानं नुसता उजेड-अंधार कळायचा. मी रोज शाळा सुटली की जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. त्या वाचनात तरी मी काही मांडणी करत नाही ना, असं ते मला मधूनच विचारायचे.

अशाच एका दुपारी दारात टांगा थांबला आणि सुटकेस घेतलेला एक उंच तरुण आत आला. त्यानं बूट बाहेर काढले, सरांच्या पायांना हात लावला आणि हैदराबादी हिंदीत म्हणाला, "मैं वेंकट हूँ, साब. आपका छोटावालाच निकला."

सर बाजेवर उठून बसले. मग त्यांनी हात पुढं केला, वेंकटरावांचा हात चाचपून धरला आणि मोठ्यानं हसले. त्यांना इतकं मोठ्यानं हसताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मीही हसत होतो आणि डोळे पुसत होतो.

"और बडावाला?"

"मामुली तारा, साब."

"उसको भी बोलो, उसकी जगह भी बराबर थी," सर म्हणाले.

काकूंनी चहा आणला. त्यांना समजावं म्हणून वेंकटरावांनी मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, की हा उजेड तिथून निघाला तेव्हा बहुतेक आपली पृथ्वीसुद्धा झालेली नव्हती.

"मग तो अजून तिथं आहे का?" काकूंनी विचारलं.

"ते ठाऊक नाही, काकू."

"म्हणजे एवढं मोजून घर रिकामंच असायचं," काकू म्हणाल्या, आणि सर पुन्हा हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत.

मग वेंकटरावांनी खिशातून पाकीट काढलं. आत घडी केलेली तार होती. ते म्हणाले, "साब, खरं सांगतो. ही तार आली तोपर्यंत मी मोठाच धरणार होतो. तुमचे आकडे बघूनसुद्धा. पण हे वाचलं आणि विचार बदलला. जो माणूस इतकं उघड लिहितो, त्याचं बाकीचं मोजमाप खोटं असणार नाही, असं वाटलं." त्यांनी ती तार मला वाचायला दिली. इंग्रजीत चारच ओळी होत्या. नकाशातला बाण चुकला आहे. चूक माझ्या नजरेची. बारकाच धरावा. नवा नकाशा येत आहे. खाली सरांचं नाव.

मी ती पुन्हा वाचली. ज्या डोळ्यासाठी या माणसानं सगळं पणाला लावलं होतं, तोच डोळा चुकला असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. माझं नाव कुठंच नव्हतं. त्या दिवशी ते उन्हातून उमरग्याला जात होते, तेव्हा मी नववीच्या वर्गात पोरांना आंब्याचं चित्र काढायला शिकवत बसलो होतो.

"मास्तर, वेंकटरावांना पाणी आणा जरा," सर म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं, तरी माझा चेहरा त्यांना कळला असावा.

मी पाणी आणलं, खाली ठेवलं आणि उभ्याउभ्याच बोललो. "ती चूक सरांची नव्हती. ठिपका मी सरकवला होता. चित्र बरं दिसावं म्हणून."

वेंकटराव माझ्याकडं बघायला लागले, मग सरांकडं. सर हिरव्या पट्टीखालून मिश्कील हसत होते.

"त्यांचं काही ऐकू नका," ते म्हणाले. "ड्रॉइंग मास्तर आहेत. वाढवून सांगायची सवय आहे त्यांना."

जेवण झाल्यावर वेंकटरावांना सोडायला आम्ही एसटीच्या थांब्यावर गेलो. काकू नको म्हणत होत्या, पण सरांनी ऐकलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते आले. पुढच्याच महिन्यात माझी लोहाऱ्याला बदली झाली आणि भेटी तुटत गेल्या, म्हणून सर मला आठवतात ते त्या थांब्यावरचेच. गाडी लागली. वेंकटरावांनी निरोप घेतला आणि दाराच्या पायरीवर चढले. सरांनी हात उंच करून हलवायला सुरुवात केली. पण पट्टीमुळं त्यांचा अंदाज चुकला होता. गाडी एका बाजूला उभी होती आणि सर अगदी हसतमुखानं पलीकडच्या पानाच्या दुकानाकडं बघून हात हलवत होते. मी त्यांना वळवणार, एवढ्यात वेंकटराव पायरीवरून खाली उतरले. कंडक्टरला थांबा म्हणाले, गर्दीतून वळसा घालून पानाच्या दुकानासमोर गेले, बरोबर सर बघत होते तिथं उभे राहिले, आणि तिथून त्यांनी सरांना हात केला.